टरबूज पाणचट का लागतं? आधी वजनकाट्याला विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर जळगावच्या एका वाचकांची तक्रार छापून आली. टरबूज आणलं, कापल्यावर लालभडक निघालं, पण चव म्हणाल तर नळाच्या पाण्याची. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की शेतकरी हल्ली फळाला रंगाचं आणि साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन मारतात. दर उन्हाळ्यात मोबाइलवर तोच एक व्हिडिओ फिरतो, आणि त्यापायी दर उन्हाळ्यात आमच्या मालाचं गिऱ्हाईक चार दिवस बिचकतं. म्हणून उत्तर देणं भाग आहे. तक्रार खरी आहे, निदान चुकलं आहे.

इंजेक्शनचं आधी उरकून टाकते. टरबुजाच्या सालीला सुईएवढं भोक पडलं तरी एप्रिलच्या उन्हात ते फळ आतून आंबायला वेळ लागत नाही, भोकातून फेस यायला लागतो. असं फळ मुंबई-सुरतेच्या गाडीत कोण भरेल? एका एकरात सहा-सात हजार फळं सहज असतात. प्रत्येकाला सुई टोचायला मजूर कुठून आणायचे, इथे तोडणीला मिळत नाहीत. आणि साखर टोचूनही ते पत्रलेखकांना पाणचटच लागलं असेल, तर तो शेतकरी साखरेचे पैसे वाया घालवणारा फारच भोळा म्हणायचा!

मी चोपडा तालुक्यातली, तापीच्या उत्तरेकडच्या काठावरची. घरच्या जमिनीपैकी दीड-दोन एकरांत दरवर्षी टरबूज असतं, बाजूला थोडं खरबूज. व्यापाऱ्याशी बोलणं, गाडी ठरवणं हे आमचे हे बघतात. ठिबकचे व्हॉल्व्ह मात्र माझ्याकडे. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती वेळ चालवायचा, कधी बंद करायचा, हे लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे नळ्या नव्हत्या आणि सरीने पाणी भरत होतो तेव्हापासून, मी करते आहे. त्यामुळे पाणचट टरबुजाबद्दल बोलायचा अधिकार मला थोडा आहे असं समजते.

जळगावच्या वाचकाला केळीवरून सांगितलं तर पटकन कळेल. आपण केळीचा घड हिरवाकच्च कापतो. त्यात स्टार्च भरलेला असतो, रायपनिंग चेंबरमध्ये त्याची साखर होते आणि केळी गोड लागते. टरबुजात असा साठा नसतो. देठ तुटला त्या घटकेला जेवढी साखर आत आहे तेवढीच. घरी आठ दिवस ठेवा, माठाशेजारी ठेवा, एका कणाने वाढायची नाही. खरबूज तोडल्यावर मऊ पडतं, घमघमाट सुटतो, म्हणून जास्त गोड झाल्यासारखं वाटतं, पण साखर त्यातही वाढत नाही. तेव्हा गोडी यायची ती वेलीवरच यायची, आणि ती येते शेवटी. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत साधारण तीस ते चाळीस दिवस लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत फळ आकाराने वाढतं. साखर भरते ती शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत. नेमका हाच पंधरवडा आमच्याकडे दोन टोकांनी बिघडवला जातो.

पहिलं टोक व्यापाऱ्याचं. सौदा बांधावर होतो, भाव किलोवर ठरतो, आणि जाता जाता एक वाक्य हमखास येतं, "ताई, आज रात्री पाणी सोडून ठेवा, सकाळी माल टवटवीत दिसला पाहिजे." टवटवीत म्हणजे जड. पाणी पिऊन फुगलेलं फळ काट्यावर चांगलं बसतं, साल तुकतुकीत दिसते. शेतकऱ्यालाही ते नको असतं असं नाही. समजा एकरी वीस टन माल निघाला आणि रात्रीच्या पाण्याने वजन शेकडा दोनने वाढलं, तर चार क्विंटल जास्त भरले. आठ रुपयांच्या भावाने ते बत्तीसशे रुपये झाले. एका रात्रीची मोटर चालवून बत्तीसशे मिळत असतील तर कोण सोडेल?

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आमच्याकडे "रात्री पाणी दिलं की गोडी धुऊन जाते" असं सरसकट बोलतात. हिशेब करून बघा. तीन किलोचं फळ, ११ ब्रिक्सचं. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज किती ग्रॅम, आणि टरबुजात हा ऐवज बहुतेक साखरच. म्हणजे फळात ढोबळमानाने ३३० ग्रॅम ऐवज झाला. रात्रीत साठ ग्रॅम पाणी शिरलं तर ब्रिक्स ११ वरून साधारण १०.८ वर येईल. एवढा फरक जिभेला कळत नाही. एका रात्रीच्या पाण्याने गोड फळ पाणचट होत नाही, संपादक महोदय. पाणचट होतं ते आधीच्या पंधरा दिवसांनी, आणि घाईच्या तोडणीने. रात्रीचं पाणी वेगळं नुकसान करतं: फळ फुटतं, गर रवाळ न राहता लिबलिबीत होतो, आणि गाडीतून उतरेपर्यंत माल टिकत नाही.

पंधरा दिवस भरपूर पाणी चाललं की काय होतं ते आमच्या काळ्या जमिनीत फार स्पष्ट दिसतं. तापीकाठची माती खोल, चिकट. वरून भेगा पडल्या तरी वीतभर खाली बोट घातलं की ओल लागते. अशा मातीत रोज दोन-दोन तास ठिबक चालवलं तर मुळांना हवा मिळत नाही. जुनी पानं पिवळी पडतात, आणि शेंड्याकडे मात्र नवी लुसलुशीत वाढ चालू होते. शेतकरी खूश, वेल कशी हिरवीगार आहे! पण पानांनी केलेली साखर फळात जायची ती त्या नव्या शेंड्यांच्या तोंडी जाते. त्यात दमटपणाने केवडा हा पानांचा रोग आला की उरलेली पानंही जातात. फळाचा जमिनीला टेकलेला भाग सतत ओला राहून सडू लागतो, तो वेगळाच. असं फळ रंगाने लाल होतं, कारण रंग आणि गोडी यांचं येणं एकाच वेळी होतंच असं नाही. आपल्या पत्रलेखकांनी कापलेलं टरबूज बहुधा याच तऱ्हेचं.

दुसरं टोक आमच्यातल्या हुशार शेतकऱ्यांचं. कुठल्या तरी मेळाव्यात ऐकलेलं असतं, "तोडणीच्या आठ दिवस आधी पाणी तोडा, गोडी वाढते." आणि हे व्हॉल्व्ह बंद करून मोकळे होतात. एप्रिलअखेर आमच्याकडे पारा ४३-४४ वर जातो. मुरमाड रानात मल्चिंग, म्हणजे वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद, असलं तरी तिसऱ्या दिवशी वेल मान टाकते. पानं कोमेजली की ती साखर करायची थांबतात. मग फळात भरणार काय? वर पानांची सावली सरकली की फळाच्या पाठीवर उन्हाचा पांढरट चट्टा उठतो, त्याखालचा गर शिजल्यासारखा होतो. असा माल व्यापारी बाजूला काढतो, आणि तिथे त्याचं बरोबर असतं. गंमत म्हणजे हेच शेतकरी त्याच आठवड्यात गोडीसाठी झिरो झिरो पन्नास हे पालाशचं खत सोडायचं म्हणतात. अहो, पालाश ठिबकमधूनच जाणार ना? पाणी तोडल्यावर ते खत मुळापर्यंत काय चालत जाईल?

माझे सासरे शाळेची पायरी चढले नव्हते, पण आम्ही सरीने पाणी भरायचो तेव्हा त्यांचं एक सांगणं असायचं, "एकदम पानी तोडू नको माय, येलना जीव ऱ्हाऊ दे." वेलीचा जीव राहू दे. मी आजही त्याच धोरणाने चालते. पाणी कमी करत न्यायचं. फळ पुरतं वाढलं असं दिसलं की मोटरची वेळ आधी एक-तृतीयांशाने कमी करते, पुढच्या चार-पाच दिवसांत निम्म्यावर आणते. रोज थोडं. तीन दिवस कोरडं ठेवून चौथ्या दिवशी भरभरून द्यायचं नाही, कारण तहानलेल्या वेलीला एकदम पाणी मिळालं की फळ सालीच्या आतून ताणलं जातं आणि उभं तडकतं. टरबुजापेक्षा खरबूज जास्त नाजूक. त्याला देठाजवळ गोल चिरा पडतात आणि त्यात मुंग्या शिरतात.

शेवटचं पाणी तोडणीच्या किती दिवस आधी, याचं एकच उत्तर मागणाऱ्याला मी उत्तर देत नाही. आमच्याच शेतात दोन प्रकारची माती आहे. नदीकडच्या काळ्या तुकड्यात मी पाच-सहा दिवस आधी थांबते आणि वेलीला काही होत नाही, खालची ओल पुरते. रस्त्याकडच्या मुरमाड तुकड्यात तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत सकाळी थोडं थोडं द्यावंच लागतं. मध्यम जमीन असेल तर दोन-तीन दिवस आधी. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन वेळापत्रकं, आणि मेळाव्यातला कागद मात्र सगळ्या जिल्ह्याला एकच.

ठरवायचं कसं, तर हाताने. सकाळी मल्चिंगच्या भोकातून हात घालायचा. वरची दोन बोटं माती सोडून द्यायची, ती फसवी असते. वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबायची. लाडू वळला आणि तळव्याला ओल लागली तर आज व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. लाडू वळला पण अंगठ्याने दाबताच फुटला, तर शेवटच्या पंधरवड्यात हवी तशी ओल आहे, थोडंसं पाणी देऊन पुढे जायचं. वळलाच नाही तर उशीर झालाय. दुसरी खूण पानांची. भर दुपारी पानं माना टाकतात, ते बघून घाबरायचं नाही, या उन्हात तेवढं होणारच. संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत बघायचं. सहा वाजेपर्यंत पानं सावरली तर वेल ठीक आहे. सकाळी दव असतानाही मरगळलेली दिसली, तर तिला पाणी हवं आहे, किंवा मुळात काही रोग बसला आहे. मग माती बघून काय ते ठरवायचं.

यात एक अडचण आहे, जी पुस्तकी सल्ल्यात येत नाही. वेलीवरची सगळी फळं एका दिवशी धरत नाहीत. पहिला तोडा होतो तेव्हा दुसऱ्या तोड्याची फळं अजून वाढत असतात. पहिल्यासाठी पाणी कमी केलं की दुसरी फळं लहान राहतात, दुसऱ्यांसाठी दिलं की पहिली बिघडतात. यातून मी काढलेली वाट अशी, की पहिल्या तोड्याच्या फळांकडे बघून पाणी कमी करायचं, तोडा झाला की त्याच दिवशी संध्याकाळी नाही, तर दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन टप्प्यांत पुन्हा वाढवायचं, आणि दुसऱ्या तोड्याआधी परत उतरवायचं. पहिला तोडा जाताच खूश होऊन रात्रभर पाणी सोडणाऱ्यांची दुसऱ्या तोड्यातली निम्मी फळं तडकलेली मी बघितली आहेत. अवकाळी पाऊस पडला तरी तेच. पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली तर मी तोडणी देत नाही, तीन-चार दिवस जाऊ द्या म्हणते. व्यापारी कुरकुरतो. कुरकुरू दे.

तोडणीच्या वेळेचंही तसंच. पहाटे फळ रात्रीच्या पाण्याने तट्ट फुगलेलं असतं, चाकूचं टोक लागताच टर्रकन उलतं. गाडीत थरावर थर दिले की खालची फुटतात. भर दुपारी तोडलं तर फळ तापलेलं, तेही टिकत नाही. म्हणून मी आठ-नऊच्या सुमाराला, दव उडाल्यावर सुरुवात करायला लावते आणि अकराच्या आत माल निंबाच्या सावलीत आणते. मजुरांना पहाटे लवकर सुरू करून लवकर सुटायचं असतं. त्यांचंही बरोबर आहे, ऊन त्यांच्याच डोक्यावर असतं. म्हणून तोडणीच्या दिवशी ताक आणि जेवण शेतावर असतं, आणि मजुरी पूर्ण दिवसाची.

आता खरी मेख. रोज सकाळी थोडं पाणी द्यायचं म्हणते, पण सकाळी वीज कुठे असते? आमच्या फीडरवर, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या वाहिनीवर, एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीत लोक काय करतात? वीज येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटोस्टार्टर लावतात, व्हॉल्व्ह उघडा ठेवतात आणि झोपतात. नदीकाठाला बिबट्याचा वावर आहे, साप-विंचू आहेत, रात्री दीड वाजता व्हॉल्व्ह बदलायला कोण जाईल? बायका तर नाहीच. सहा फुटांवर गादीवाफे, चाळीस सेंटिमीटरवर ताशी चार लिटरचा ड्रिपर, अशी साधारण मांडणी धरली तर एकराला तासाला बावीस हजार लिटर पाणी पडतं. आठ तास चालू राहिलं तर पावणेदोन लाख लिटर. म्हणजे त्या रानावर एका रात्रीत पावणेदोन इंच पाऊस झाला! ज्या आठवड्यात वेलीला घोट-घोट पाणी हवं, त्याच आठवड्यात हा पाऊस. ठिबकसंचासाठी अनुदान मिळतं, नळ्यांचा गाव म्हणून जळगाव देशभर ओळखलं जातं, आणि त्या नळ्यांतून पाणी मात्र वीज येईल तसं आणि येईल तेवढं जातं. ज्यांच्या शेतात सौर पंप बसले, त्यांना निदान ऊन असेपर्यंत स्वतःच्या वेळेने पाणी देता येतं. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज मिळणार असं ऐकतो. आमच्या फीडरवर ती येईल तेव्हा येवो, पण तोवर मार्च ते मे एवढे तीन महिने तरी टरबूज-खरबुजाच्या पट्ट्यात दिवसाची पाळी ठेवता येणार नाही का, याचा विचार व्हावा.

पूर्वीची टरबुजं गोड होती, असं म्हणणारे वाचक असतील, आणि ते अगदीच खोटं बोलत नाहीत. तापी-गिरणेच्या पात्रात वाळूवर वाड्या असायच्या. वाळूत खड्डा घेऊन, शेणखत भरून बी लावायचे. सुरुवातीला खड्ड्याला घागरीने पाणी, पुढे वेलीची मुळं खालच्या ओलीवर जगायची. उन्हाळा चढेल तशी नदी आटायची, ओल खाली खाली जायची, आणि नेमकं त्याच वेळी फळ पिकायचं. पाणी हळूहळू कमी करण्याचं जे काम मी व्हॉल्व्हने करते, ते नदी आपसूक करायची. माझ्या मते त्या गोडीचं मोठं कारण हेच होतं. आता पात्रात वाळूच राहिली नाही, ती कुठे गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे, तो विषय वेगळ्या पत्राचा.

घाईच्या तोडणीबद्दल थोडं. रमजानमध्ये टरबुजाला भाव असतो, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ ला पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ ला २ मार्चला. तो भाव गाठायचा तर लागवड थंडीत करावी लागते, रोपं क्रॉप कव्हरखाली झाकावी लागतात, फळाला दिवस जास्त लागतात, आणि सण तर थांबत नाही. मग आठ दिवस कमी पडलेला मालही गाडीत चढतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेच खरबुजाचं. घागरीवर ठेवायला खरबूज हवंच, लेकी माहेरी आलेल्या असतात, त्या दोन-चार दिवसांत भाव चढतो. आदल्या आठवड्यात पाणी वाढवून फळ मोठं करायचं आणि पिकलं न पिकलं तोडायचं, असा प्रकार चालतो. पितरांना चालत असेल, पण जावयाच्या ताटात ठेवल्यावर कळतं.

मग करायचं काय? माझं म्हणणं एकच आहे. जोवर पैसा फक्त वजनाचा मिळतो, तोवर शेतकरी वजन वाढवणारंच पाणी देणार. त्याला उपदेश करून उपयोग नाही. गोडी मोजणारं यंत्र काही आभाळातून यायचं नाही. रिफ्रॅक्टोमीटर म्हणून हातात मावणारी एक नळी असते, साधी हजार-दीड हजारांत मिळते. फळ कापायचं, गाभ्यातल्या गराचे दोन थेंब काचेवर पिळायचे, झाकण टेकवायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळं आणि पांढरं असे दोन पट्टे दिसतात, ते मिळतात त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. सालीजवळचा गर घेतला तर आकडा बराच खाली येतो, म्हणून गाभ्याचाच घ्यायचा, आणि एका फळावर भरवसा न ठेवता शेताच्या चार कोपऱ्यांतली चार फळं कापायची. अमेरिकेच्या प्रतवारीत टरबूज ८ ब्रिक्सला चांगलं आणि १० ला फार चांगलं धरतात, खरबूज ९ आणि ११ ला. आपल्या खान्देशी उन्हात, पाणी नीट दिलं तर ११ सहज निघतो. मी स्वतः नळीत बघितलेला आहे, व्यापाऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर फळ ठेवून, त्यालाही डोळा लावायला लावून. तो म्हणाला, "ताई, माल एक नंबर आहे." मी म्हटलं, मग भाऊ, भाव एक नंबर द्या. तर म्हणे, पुढे मुंबईत मला कोण विचारतं ब्रिक्स?

तिथेच घोडं अडलं आहे. म्हणून विनंती व्यापाऱ्यांना आहे, बाजार समित्यांना आहे आणि आपल्यालाही आहे. दूध डेअरीत फॅट बघून भाव देतात, हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. टरबुजाला १० च्या वर ब्रिक्स असेल तर किलोमागे रुपया जरी जास्त मिळाला, तरी वीस टनांना वीस हजार होतात. रात्रीच्या पाण्याचे बत्तीसशे त्यापुढे कोण मोजेल? ममुराबाद, पाल, धुळे, नंदुरबार इथल्या कृषी विज्ञान केंद्रांनी मातीच्या प्रकारानुसार शेवटच्या पंधरवड्याचं पाण्याचं वेळापत्रक करून ते रोपवाटिकांमध्ये आणि कृषी सेवा केंद्रांमध्ये भिंतीवर लावावं, म्हणजे "आठ दिवस आधी पाणी तोडा" हा एकच मंत्र मागे पडेल. आणि आपल्या बाजारभावाच्या रकान्यात टरबूज लहान, मध्यम, मोठे असे भाव येतात, त्याशेजारी त्या दिवशीच्या मालाचा ब्रिक्स आला तर आम्हीही शेजारच्या गावाशी पैज लावून पाणी देऊ.

जळगावच्या त्या वाचकांना एवढंच सांगते, पाणचट निघालेलं टरबूज मुकाट्याने खाऊ नका आणि आमच्यावर इंजेक्शनचा आळही घेऊ नका. ज्याच्याकडून घेतलं त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगा, की फोड चाखल्याशिवाय आता घेणार नाही. विक्रेता ते घाऊक व्यापाऱ्याला सांगेल, तो आमच्या बांधावर येऊन बोलेल, आणि मग कदाचित ते "रात्री पाणी सोडून ठेवा" बंद होईल.

आपली,
टरबूज पिकवणारी एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव
(कृपया नाव छापू नये. व्यापारी एकच आहे आणि गावही लहान आहे.)

ता. क. : घेताना फळ उलटं करून बघावं. जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा असेल तर फळ वेलीवर पुरेसं राहिलेलं आहे. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर घाईने तोडलेलं. टिचक्या मारून बघणाऱ्यांना माझा विरोध नाही, आमचे हेही मारतात. पण गाड्यांच्या गोंगाटात भर चौकात उभं राहून त्यांना नेमकं काय ऐकू येतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.